शिवाराखालचे इंधन : एका चोरीचा इतिहास

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठी शिरूर व दौंड हे तालुके वसले आहेत. या मुलखाचा इतिहास मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे. खडकवासल्याहून निघालेल्या मुठेच्या कालव्याने दौंडच्या कोरडवाहू रानाचे उसाच्या मळ्यांत रूपांतर केले. घोड आणि चासकमान यांच्या कालव्यांनी शिरूरच्या अनेक गावांना दोन वेळची भाकर दिली. पाण्याची चोरी, पाटाची फोडाफोडी, बारीवरून होणारी भांडणे या गोष्टी येथील वडीलधाऱ्यांना नव्या नाहीत. कालवा रात्री फोडला तर खालच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, हे येथील लहान मूलही जाणते.

गेल्या काही दशकांत मात्र पुण्याच्या आसपासच्या शिवारांखालून आणखी एक प्रवाह वाहू लागला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. बांधाच्या कडेला ठराविक अंतरावर रोवलेले खांब, त्यांवरील धोक्याची सूचना आणि एक दूरध्वनी क्रमांक एवढीच त्याची खूण. हा प्रवाह पेट्रोलचा, डिझेलचा आणि स्वयंपाकाच्या गॅसचा आहे. पाण्याचा पाट फोडणारा माणूस दुसऱ्याचे पीक बुडवतो. हा पाट फोडणारा माणूस अवघे गाव पेटवू शकतो. हा फरक आपल्या कुटुंबांना नीट कळावा, म्हणून या तेलवाहिन्यांचा आणि त्यांतून होणाऱ्या चोरीचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

डब्यापासून वाहिनीपर्यंत

जमिनीतून तेल काढण्याच्या आधुनिक धंद्याचा आरंभ साधारणतः २७ ऑगस्ट १८५९ पासून धरला जातो. त्या दिवशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. तेल निघाले खरे. परंतु ते रेल्वेपर्यंत न्यायचे कसे? लाकडी पिंपे घोडागाड्यांवर लादून चिखलातून नेणे एवढाच मार्ग होता, आणि गाडीवाले मागतील तो दर मोजावा लागे. १८६५ मध्ये सॅम्युएल व्हॅन सिकल या व्यापाऱ्याने पिटहोल या गावापासून रेल्वेच्या स्थानकापर्यंत सुमारे पाच मैलांची, अवघ्या दोन इंच व्यासाची लोखंडी नळी टाकली. तेल आपोआप वाहू लागले आणि गाडीवाल्यांच्या पोटावर पाय आला. त्यांनी ती नळी ठिकठिकाणी उखडली. शेवटी तिच्यावर हत्यारबंद पहारा बसवावा लागला. तेलवाहिनीच्या जन्माबरोबरच तिला फोडणाऱ्या हाताचाही जन्म झाला, असेच म्हटले पाहिजे. अर्थात तो हात चोराचा नव्हता, रोजगार गेलेल्या माणसाचा होता. हा तपशील आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडे तेल आले ते रॉकेलच्या डब्यांतून. ते डबे रिकामे झाल्यावर त्यांचे काय काय झाले, हे जुन्या पिढीला सांगायला नको. पाणी भरण्यापासून झोपडीचे छप्पर शाकारण्यापर्यंत त्या पत्र्याने गोरगरिबांची सेवा केली. पुढे रेल्वेच्या टाक्यांतून तेल येऊ लागले. दौंड हे तर रेल्वेचेच गाव. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि मनमाड व दौंड या दोन नावांची जोडी जमली. ही जोडी या लेखात पुन्हा भेटेल.

स्वातंत्र्यानंतर मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ मध्ये एस्सो कंपनीच्या आणि १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी काम सुरू केले. पुढे राष्ट्रीयीकरण होऊन पहिल्यातून १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम आणि दुसऱ्यातून १९७६ मध्ये भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्या उदयास आल्या. त्याच सुमारास मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधले व १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले. तिकडे ईशान्येत १९६२ मध्ये आसामच्या तेलक्षेत्रातून गुवाहाटीपर्यंत कच्च्या तेलाची वाहिनी सुरू झाली होती आणि १९६४ मध्ये गुवाहाटी ते सिलिगुडी ही तयार इंधनाची वाहिनी आली.

महाराष्ट्रात सह्याद्रीची भिंत ओलांडून तेल देशावर चढवणे हे कठीण काम होते. बोरघाटातून जाणारे टँकर हा एक कायमचा घोर होता. १९८५ मध्ये मुंबई–पुणे तेलवाहिनी सुरू झाली आणि तुर्भ्याचे तेल जमिनीखालून पुण्याजवळच्या लोणी येथे येऊ लागले. पुढे ही वाहिनी लोणीहून सांगली जिल्ह्यातील हजारवाडीमार्गे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत वाढवण्यात आली. आज मुंबई–पुणे–सोलापूर या वाहिनीची एकूण लांबी सुमारे ५०८ किलोमीटर आहे. लोणी काळभोर हे हवेली तालुक्यात असले तरी सोलापूर रस्त्याने निघालेल्या माणसाला तेथून दौंडची हद्द फार दूर नाही. शिरूर तालुक्यात, नगर रस्त्यावरील शिक्रापूर येथे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी भरण्याचा कारखाना आहे. उरणहून चाकण व शिक्रापूरपर्यंत सुमारे १६८ किलोमीटर लांबीची गॅसवाहिनी आता जमिनीखालून येते. आपल्या घरातील शेगडीवर दूध उतू जाते तेव्हा तो जाळ किती शेतांच्या पोटातून प्रवास करून आला आहे, याची कल्पना आपल्याला नसते.

वाहिनीचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. शेकडो टँकर रस्त्यावरून कमी होतात, घाटातले अपघात टळतात, वाहतूक स्वस्त पडते. सुस्थितीत असलेली आणि कोणी हात न लावलेली वाहिनी ही इंधन नेण्याच्या सर्व साधनांत अधिक सुरक्षित मानली जाते. प्रश्न उभा राहतो तो हात लावल्यानंतर.

जमीन आपली, हक्क दुसऱ्याचा

या वाहिन्या ज्या कायद्याच्या आधारे टाकल्या जातात तो १९६२ चा आहे. त्याची रीत भूसंपादनाहून वेगळी. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घेतली की ती शेतकऱ्याच्या नावावरून जाते. वाहिनीसाठी मात्र जमीन शेतकऱ्याचीच राहते. सरकार केवळ तिच्या पोटातून नळी नेण्याचा वापरहक्क घेते. काम चालू असता पिकाचे जे नुकसान होते त्याची भरपाई मिळते आणि वापरहक्कापोटी अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम दिली जाते. नळी पुरून झाली की शेतकरी त्यावर पुन्हा नांगर चालवू शकतो. परंतु त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही.

कागदावर ही व्यवस्था न्याय्य दिसते आणि जिरायतीच्या जुन्या काळात ती बहुतेकांना चाललीही असेल. परंतु पुण्याच्या भोवतालच्या जमिनींचे भाव गेल्या तीस वर्षांत कोठल्या कोठे गेले. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, शिक्रापूर आणि कोरेगाव भीमाच्या परिसराचे जवळजवळ शहर झाले. ज्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही त्या जमिनीला गिऱ्हाईक मिळणे अवघड. आपल्या उंबऱ्याखालून कोट्यवधी रुपयांचे तेल जाते आणि आपल्याला एकदाच काय ते १० टक्के मिळाले, ही खंत काही शेतकऱ्यांच्या मनात असेल तर ती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हा वाद न्यायालयात, विधिमंडळात, ग्रामसभेत मांडण्याजोगा आहे. मात्र याच खंतीचा आडोसा घेऊन कोणी रात्रीच्या अंधारात येतो आणि 'तुमच्या रानात जरा शेड टाकू द्या, भाडे चांगले देतो' असे म्हणतो, तेव्हा सावध झाले पाहिजे. खंत खरी असली म्हणून सौदा खरा ठरत नाही.

काळ्या बाजाराची वाट

इंधनाच्या चोरीचा आरंभ वाहिनीपासून झाला नाही. तो रेशनच्या रॉकेलपासून झाला. गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी सरकार सवलतीच्या दराने रॉकेल देत असे. ते ओळखता यावे म्हणून त्याला निळा रंग दिलेला असे. डिझेल महाग आणि रॉकेल स्वस्त, या दोन दरांमधील दरीतच भेसळीचा धंदा फोफावला. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला 'संपले' असे सांगितले जाई आणि तेच रॉकेल रात्री टँकरच्या पोटात जाई. ही चोरी सरकारची होती असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती त्या बाईच्या डब्यातली होती.

या धंद्याच्या आड येणाऱ्यांचे काय झाले, याची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक असावीत. एस. मंजुनाथ हा कर्नाटकातील तरुण इंडियन ऑइलचा विक्री अधिकारी होता. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या एका पेट्रोल पंपावर त्याने कारवाई केली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी गोळ्या घालून त्याची हत्या करण्यात आली.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात होते. पानेवाडीच्या परिसरात तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. तेथील एका ढाब्याजवळ टँकरमधून तेल काढून भेसळ चाललेली त्यांना दिसली. ते थांबले, त्यांनी विचारणा केली. त्यांच्या अंगावर तेल टाकून त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. ज्याने हे कृत्य केले असा आरोप होता तो पोपट शिंदे हाही त्याच आगीत भाजला आणि पुढे रुग्णालयात मरण पावला. राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम थांबवून आपला संताप व्यक्त केला. दौंडहून निघालेली आगगाडी ज्या मनमाडला पोहोचते, तेथे हे घडले. तेलसाठा आला की टँकर येतात, टँकर आले की ढाबे येतात आणि काही ढाब्यांमागे चोरीचा बाजार भरतो, ही साखळी मनमाडपुरती नाही. लोणी काळभोरच्या परिसरातही टँकरमधून इंधन चोरणाऱ्यांवर पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत.

पुढे दर बदलले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. रेशनच्या रॉकेलवरील सवलतही टप्प्याटप्प्याने संपत गेली. रॉकेलच्या भेसळीतला नफा आटू लागला की चोराची नजर थेट वाहिनीकडे वळावी, हे स्वाभाविकच होते. टँकरमधून पाच-पन्नास लिटर काढण्याऐवजी वाहिनीलाच भोक पाडले तर टँकरच्या टँकर भरता येतात. असे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्याला नळीची जागा सांगणारा हवा, लोखंडाचे काम जाणणारा हवा, आडबाजूची शेतजमीन किंवा पत्र्याचे शेड हवे, टँकर हवा आणि चोरीचा माल मुकाट्याने विकत घेणारा पंप किंवा कारखानाही हवा. या साखळीच्या एका टोकाला मोठी रक्कम असते आणि दुसऱ्या टोकाला दोन-चार हजारांसाठी रात्री खड्डा खणणारा गावातला पोरगा. सापडतो बहुधा तो पोरगा. आणि जळतोही तोच.

हा प्रकार ओळखून संसदेने २०११ मध्ये १९६२ च्या कायद्यात दुरुस्ती केली. वाहिनीला विनापरवाना जोड देणे, तिची मोडतोड करणे हे आता दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे आहेत. त्यांना अनेक वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा आहे आणि घातपाताच्या गंभीर प्रकारांत ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आपल्या तरुणांनी हे ठळक अक्षरांत वाचावे. 'मी फक्त खड्डा खणला', 'मी फक्त जागा दिली' ही सबब न्यायालयात टिकेल या भरवशावर कोणी राहू नये.

२०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ याच मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनीला चोरट्यांनी भोक पाडले. पेट्रोल शेतात झिरपले आणि आसपासच्या विहिरींत उतरले. पाण्याची विहीर पेट्रोलने नासावी, यासारखी शोकांतिका शेतकऱ्याच्या आयुष्यात दुसरी नाही. चोराने नेले ते काही टँकर. शेतकऱ्याचे गेले ते पाणी. फलटण दौंडपासून लांब नाही.

दूरदेशी पेटलेली गावे

जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी या प्रश्नाने गावेच्या गावे खाल्ली आहेत. त्यांतील काही घटना येथे क्रमाने देतो. प्रत्येक घटनेचे कारण निराळे आहे, पण प्रत्येकीत आपल्यासाठी काही ना काही धडा आहे.

ब्राझीलमधील कुबातांव शहराजवळ व्हिला सोको ही दलदलीवर उभी राहिलेली गरिबांची वस्ती होती. घरांच्या खालूनच पेट्रोलची वाहिनी जात असे. २४ फेब्रुवारी १९८४ च्या रात्री वाहिनी फुटली. पेट्रोल पाण्यावर पसरले. काही रहिवाशांनी ते भांड्यांत गोळाही केले. मध्यरात्रीनंतर ठिणगी पडली. अधिकृत आकडा ९३ मृतांचा आहे. खरी संख्या याहून कितीतरी मोठी होती असे अनेकांचे मत आहे, कारण संपूर्ण कुटुंबेच नष्ट झाल्यावर दावा सांगायला मागे कोण राहणार?

मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे २२ एप्रिल १९९२ रोजी, पुनरुत्थान सणानंतरच्या बुधवारी, गटारांत साठलेल्या पेट्रोलच्या वाफेचे स्फोट होऊन कित्येक किलोमीटर रस्ते उलथेपालथे झाले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. येथे चोरी नव्हती. पाण्याची जस्ताचा मुलामा दिलेली नळी तेलाच्या पोलादी वाहिनीला चिकटून बसवली गेली होती. दोन धातूंच्या संयोगाने वाहिनी कुरतडली गेली आणि भोक पडले. रहिवासी काही दिवस 'पेट्रोलचा वास येतो' अशी तक्रार करीत होते. अधिकाऱ्यांनी पाहणी केली. परंतु वस्ती रिकामी केली नाही. वास ही जनतेची साक्ष असते. ती डावलल्याची किंमत त्या शहराने मोजली.

नायजेरियातील जेसी येथे १७ ऑक्टोबर १९९८ रोजी फुटलेल्या वाहिनीतून वाहणारे पेट्रोल गोळा करण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून बायका-मुले, म्हातारेकोतारे बादल्या घेऊन आले. आग लागली आणि सुमारे हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच देशात लागोस शहराच्या अबुले एग्बा या वस्तीत २६ डिसेंबर २००६ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, असाच प्रकार घडला. रात्री चोरट्यांनी वाहिनी फोडून टँकर भरले आणि ते निघून गेले. सकाळी गळणारे पेट्रोल भरून घ्यायला लोक धावले. अडीचशेहून अधिक जळून मेले. चोर सुखरूप निसटले आणि शेजारी मेले, हे या घटनेतील सर्वांत कटू सत्य.

मेक्सिकोत पुन्हा १९ डिसेंबर २०१० रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, सान मार्तीन तेक्समेलुकान येथे चोरट्यांनी छेडलेल्या वाहिनीतून तेल वाहून रस्ते आणि नदी पेटली; सुमारे तीस बळी गेले, त्यांत लहान मुलेही होती. २०११ च्या सप्टेंबरात केनियाची राजधानी नैरोबी येथील सिनाई झोपडपट्टीत वाहिनीतून गळून नाल्यात आलेले पेट्रोल लोक भरत असताना भडका उडाला आणि शंभरच्या आसपास माणसे गेली.

सर्वांत अलीकडची मोठी दुर्घटना मेक्सिकोतील त्लाउएलिल्पान या गावाची. १८ जानेवारी २०१९ रोजी दुपारी चोरट्यांनी फोडलेल्या वाहिनीतून पेट्रोलचे कारंजे उडू लागले. सरकारने चोरीविरुद्ध मोहीम उघडल्यामुळे त्या दिवसांत इंधनाची टंचाई होती. बातमी पसरताच शेकडो लोक कॅन आणि बादल्या घेऊन शेतात जमले. जणू जत्रा भरली. सैनिक उपस्थित होते, परंतु जमावापुढे त्यांचे काही चालले नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास स्फोट झाला. अंगावरचे कपडे पेट्रोलने भिजलेले असल्याने पळणाऱ्यांच्या देहांच्याच मशाली झाल्या. मृतांचा आकडा हळूहळू वाढत १३७ वर गेला.

आणि आपला देश? २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम या गावी नैसर्गिक वायूची वाहिनी गंजून फुटली. वायू गावभर पसरला, कोठेतरी ठिणगी मिळाली आणि वीसहून अधिक माणसे, घरे आणि नारळाच्या बागा जळाल्या. येथेही चोर नव्हता, दोष देखभालीचा होता. हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कंपन्या आणि सरकार यांची जबाबदारी चोराच्या नावाखाली झाकली जाऊ नये.

उसाच्या रानातला धोका

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. धुक्यासारखी जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साठते. ओढा, पाटाची चारी, विहिरीचा गाळा, घराचा खड्डा या तिच्या बसण्याच्या जागा. स्वयंपाकाच्या गॅसचे तसेच आहे. तोही हवेहून जड, आणि द्रवरूपातील एक लिटर गॅस मोकळा झाला की सुमारे अडीचशे लिटर जागा व्यापतो. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. ही ठिणगी विडीची असेल, मोबाइलच्या नव्हे तर मोटारीच्या स्टार्टरची असेल, नायलॉनच्या कपड्याच्या घर्षणाचीही असू शकेल. गळतीची जागा एका शिवारात आणि भडका दुसऱ्या शिवारात, असे घडू शकते.

आता आपला परिसर डोळ्यांसमोर आणावा. दौंडच्या यवत-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळांची चुलाणे हंगामात दिवसरात्र धगधगत असतात. ऊस तुटला की फडातील पाचट पेटवून देण्याची रीत अजून गेलेली नाही. मराठवाड्यातून आणि नगरकडून आलेले ऊसतोड मजूर रानातच कोप्या घालून राहतात. त्यांच्या तीन दगडांच्या चुली उघड्यावर पेटतात आणि तान्ही मुले उसाच्या सावलीत झोपलेली असतात. पिकाला पाणी देणारा शेतकरी वीज रात्रीची असल्याने मध्यरात्री अंधारात जाऊन मोटारीचे बटण दाबतो. अशा रानात कोणी रात्री वाहिनी छेडून अर्धवट सोडून गेला, तर पहिला बळी कोण ठरेल? पुणे-मुंबईत बसलेला मालक नव्हे, टँकर घेऊन पळालेला दलालही नव्हे. पहिला बळी त्या कोपीतला असेल.

आग लागली नाही तरी विष उरतेच. पेट्रोलमधील बेन्झीन हा घटक कर्करोगाला कारण होतो. भूजलात तो मिसळला की विहीर उपसून काम भागत नाही. पाणी वर्षानुवर्षे बाधित राहू शकते.

'सरकारी माल' आणि सातवी आज्ञा

पहिल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सातवी आज्ञा पाठ करतो. शेजाऱ्याची कोंबडी, दुकानातली मिठाई एवढ्यापुरता तिचा अर्थ लहानपणी कळतो. मोठेपणी मात्र 'सरकारी माल कोणाचाच नसतो' असे एक सोयीचे तत्त्वज्ञान आपण शिकतो. वीजेच्या आकड्यापासून रेल्वेच्या विनातिकीट प्रवासापर्यंत ते सर्वत्र चालते. तेलाची चोरी हे त्याच तत्त्वज्ञानाचे मोठे भावंड.

येथे एक जुना प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारला जावा. तेराव्या शतकात संत थोमस अक्विनास यांनी असे प्रतिपादन केले की, माणूस जिवाच्या आकांताला पोहोचला असेल व दुसरा उपाय नसेल, तर जगण्यापुरते दुसऱ्याचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही. कारण सृष्टीची संपत्ती मुळात सर्वांच्या गरजेसाठी आहे. मग त्लाउएलिल्पानच्या गरिबाने बादली भरली तर त्याला आपण चोर म्हणायचे काय? जेसीच्या बाईला म्हणायचे काय? आम्हाला त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार वाटत नाही. त्यांच्या दारिद्र्याचा जाब त्यांच्या राज्यकर्त्यांनीच दिला पाहिजे. परंतु अक्विनासांची ती सवलत उपाशी माणसाच्या भाकरीसाठी आहे, टोळीच्या टँकरसाठी नाही. शिवाय जी कृती शेजाऱ्याच्या लेकरांना जिवंत जाळू शकते, तिला कोणतीही भूक पवित्र करू शकत नाही. पिटहोलच्या गाडीवाल्यांना निदान आपला गेलेला रोजगार दाखवता येत होता. आजच्या टोळ्यांना दाखवण्यासारखा केवळ नफा आहे.

चोरी एकदा गावाच्या अंगवळणी पडली की ती भक्तीचेही रूप घेते, याचे नमुनेदार उदाहरण मेक्सिकोतच मिळते. पुएब्ला प्रांतातील तेलचोरांच्या मुलखात बाळ येशूच्या एका लोकप्रिय प्रतिमेच्या हाती तेलाचा कॅन आणि रबरी नळी देऊन तिला 'तेलचोरांचा बाळ येशू' बनवण्यात आले. चोर तिच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले. तेथील ख्रिस्तसभेने याचा स्पष्ट निषेध केला. आपण हसण्यापूर्वी थोडे थांबावे. आपल्याकडे संशयित पैशातून आलेली मोठी वर्गणी, मग ती कोणत्याही धर्माच्या उत्सवाची असो, परत केल्याचे आपण किती वेळा ऐकले आहे?

आपल्या हाती काय आहे

शिरूर-दौंडच्या आपल्या कुटुंबांतून कोणी रेल्वेत आहेत, कोणी रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत, कोणी दुसऱ्याच्या शेतात. वाहिनीची राखण करणे हे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी पगारी माणसे आहेत. त्या पट्ट्यावरून रोज पायी फिरणारे राखणदार बहुधा खेड्यापाड्यांतीलच असतात. त्यांना आपण रिकामटेकडे समजू नये. टोळीशी पहिली गाठ त्यांची पडते.

तरीही काही गोष्टी प्रत्येकाच्या हातातल्या आहेत. शेतजमीन किंवा शेड भाड्याने देताना घेणारा कोण, कशासाठी घेतो, रात्री तेथे टँकर का येतात, हे पाहणे मालकाचे कर्तव्य आहे. वाहिनीच्या पट्ट्यात ताजी उकरलेली माती, अकारण वाळलेले पीक, विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग, पेट्रोल किंवा गॅसचा उग्र वास यांपैकी काहीही आढळले तर विडी-काडी पेटवू नये, मोटारीचे बटण दाबू नये, वाहन सुरू करू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचवट्याकडे लांब जावे; शेजाऱ्यांना आणि विशेषतः कोप्यांतील मजुरांना उठवावे. सुरक्षित अंतरावर पोहोचल्यावरच खांबावरील क्रमांकाला, ११२ ला किंवा गॅस असेल तर १९०६ ला कळवावे. पोलीस पाटलाला सांगावे. आणि कितीही पेट्रोल वाहत असले तरी बादली घेऊन जाऊ नये. जेसी, अबुले एग्बा आणि त्लाउएलिल्पान या तीन गावांनी हा धडा आपल्यासाठी फार मोठी किंमत देऊन लिहून ठेवला आहे.

कंपन्यांकडूनही काही मागण्याचा आपल्याला हक्क आहे. वाहिनी कोणकोणत्या गटांतून जाते हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत असावे. संकटकाळाची तालीम वर्षातून एकदा प्रत्यक्ष गावात, ऊसतोडीच्या हंगामात व्हावी. आणि वासाची तक्रार करणाऱ्याला उलट तपासणीचा त्रास होऊ नये. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राहील, ही खात्री नसेल तर गरीब माणूस तोंड उघडणार नाही. यशवंत सोनवणे हे अपर जिल्हाधिकारी होते. तरी त्यांना वाचवता आले नाही. मग शेतमजुराने कोणाच्या भरवशावर बोलावे? हा प्रश्न पोलिसांनी आणि शासनाने आपला मानला पाहिजे.

आपल्या तरुणांसाठी एक शब्द. गावात एखाद्याकडे अकस्मात पैसा आला, नवी गाडी आली, की बाकीच्यांच्या मनात प्रश्न उठतो : आपणच का मागे? या प्रश्नाचे उत्तर घरातून मिळाले नाही तर ते ढाब्यावर मिळते. रात्रीच्या एका फेरीचे पैसे कारखान्यातल्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त असतील; पण त्या फेरीला निघालेल्या मुलाच्या आईला तो कोठे जातो हे ठाऊक नसते. तिने विचारावे. बापाने विचारावे. कालवा फोडणाऱ्याला या मुलखात कधी मान मिळाला नाही; खालच्या शेतकऱ्याचे पाणी तोडणारा, एवढीच त्याची ओळख राहिली. तेलाचा पाट फोडणाऱ्याचीही गावाने हीच ओळख ठेवावी.